वाताची पुडी: गुण दोन दिवसांत, भोग कितीतरी महिने

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर मुळ्या-साली मांडून बसणाऱ्या एकाकडून सासूबाईंनी गुडघ्यांसाठी ‘वाताची पुडी’ घेतली. वीस पुड्या, दोनशे रुपये. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली तपकिरी भुकटी, सुंठीचा वास. ना कुणाचं नाव, ना घटकांची यादी. उजेडात बोटावर घासली की तपकिरीत पांढरे चकचकीत कण वेगळे दिसायचे.

गुण आला, भरपूर आला. दोन दिवसांत त्या कठड्याला न धरता जिना उतरल्या. “अगं, तुमच्या दवाखान्याच्या गोळ्यांनी वर्षभरात जे झालं नाही ते या बाबानं केलं!” मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. मला भीती वाटली ती याच वेगाची. रास्ना, गुग्गुळ, सुंठ सावकाश काम करतात. झिजलेला गुडघा दोन दिवसांत मोकळा करणारं औषध म्हटलं की प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशी स्टेरॉइडंच आधी डोळ्यांसमोर येतात. वाताच्या आणि दम्याच्या चूर्णांत ती कुटून मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. सांगून पाहिलं, पण आराम पडलेल्या माणसाला पटत नाही.

पुढे चेहरा गोल झाला, दंडावर नुसत्या स्पर्शाने काळेनिळे डाग पडू लागले, आटोक्यातली साखर तीनशेच्या वर गेली. खरा घात झाला पुण्याला लेकीकडे गेल्यावर. पुड्या गावी राहिल्या. उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही, रक्तदाब ८०/५०. डॉक्टरांनी सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते अगदी तळाला गेलेलं. स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं थांबवतात. मग पुरवठा एकदम तुटला की शरीराकडे काहीच उरत नाही. तिथे स्टेरॉइडच देऊन, मोजून, महिनोन् महिने डोस उतरवत आणावं लागलं.

आयुर्वेदावर माझा राग नाही. आमच्याकडे काढा होतो, पण ज्येष्ठमध मी कुणालाही रोज घेऊ देत नाही, कारण त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. औषध म्हटलं की त्याला मात्रा आली, दुष्परिणामही आले. आणि त्या पुडीला मी औषध मानतच नाही. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटक छापणं कायद्याने बंधनकारक आहे. विकायला मात्र वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे ताडपत्रीवाल्याला कुणी हटकत नाही. हे मला अजिबात मान्य नाही.

पाचपैकी शून्य. उरलेल्या पुड्या तक्रारीसह अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या आहेत.

तुमच्या घरी कुणी अशी पुडी घेत असेल तर रागाच्या भरात ती हिसकावून फेकू नका. बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. पुडी कागदासकट घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे जा, किती दिवस घेतली ते खरं सांगा, आणि साखर, रक्तदाब, सोडियम, पोटॅशियम व सकाळचं कॉर्टिसोल तपासायला सांगा.