रेड एल घ्यायची तर कोणती? आयरिश, अमेरिकन आणि फ्लँडर्स

बिअर स्पर्धांमध्ये परीक्षकांच्या हाती बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची ५० गुणांची पत्रिका असते. तिच्यात वासाला १२ गुण, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकूण परिणामाला १० आणि दिसण्याला ३. या तिनातही फेस आणि नितळपणा वाटेकरी. म्हणजे ज्या रंगावरून 'रेड एल' हे नाव पडले, त्या रंगाच्या वाट्याला ५० पैकी जेमतेम एखादा गुण येतो. मेनूकार्डावर मात्र तेवढाच शब्द ठळक छापलेला असतो. 'रेड' या एका शब्दाखाली निदान तीन अगदी वेगळ्या बिअर विकल्या जातात, आणि एकीची खोड दुसरीत गुण ठरते. कोणती घ्यायची हे ठरवण्याआधी समोर कोणती आहे ते ओळखायला हवे.

बीजेसीपीच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतले आकडे असे:

| | आयरिश रेड | अमेरिकन अंबर/रेड | फ्लँडर्स रेड |
|---|---|---|---|
| अल्कोहोल (टक्के) | ३.८–५.० | ४.५–६.२ | ४.६–६.५ |
| कडवटपणा (आयबीयू) | १८–२८ | २५–४० | १०–२५ |
| सुरुवातीची घनता (आंबवण्याआधी; पाणी = १.०००) | १.०३६–१.०४६ | १.०४५–१.०६० | १.०४८–१.०५७ |
| शेवटची घनता (आंबवल्यावर) | १.०१०–१.०१४ | १.०१०–१.०१५ | १.००२–१.०१२ |

नुसता आयबीयू पाहून फसायला होते. तो आकडा सुरुवातीच्या घनतेच्या शेवटच्या दोन अंकांनी भागावा. मधले आकडे घेतले तर आयरिशचे उत्तर साधारण ०.५५, अमेरिकनचे ०.६ च्या पुढे आणि फ्लँडर्सचे ०.३५ च्या आत येते. कागदावर आयरिश आणि अमेरिकन जवळजवळ दिसतात, पण ग्लासात तसे वाटत नाही. अमेरिकन एलमध्ये हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) उकळीच्या शेवटी आणि थंड बिअरमध्येही पडतात. त्यांचा वास या भागाकारात येतच नाही.

आयरिश: कमी बोलणारी

हिचे सगळे काम माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावर चालते. भाजलेल्या पावाची कड, बिस्किट, थोडे कॅरॅमल, आणि घोट संपताना जिभेवर येणारा कोरडेपणा. हा कोरडेपणा भाजलेल्या बार्लीतून येतो. एकूण धान्यात ती २–३ टक्केच असते, पण लाल छटाही तिचीच देणगी. प्रमाण वाढले की रंग तपकिरी होतो आणि कॉफीसारखी करपट चव डोके वर काढते. ती चव स्टाउट या काळ्या बिअरमध्ये शोभते, इथे नाही. उलट बाजूला, बार्ली वगळून केवळ क्रिस्टल माल्टवर (कॅरॅमलसारख्या गोड माल्टवर) रंग काढला तर शेवट गोड आणि चिकट होतो. अर्धा ग्लास संपेपर्यंत कंटाळा आला तर बहुधा हेच कारण असते.

आयर्लंडमधल्या किलकेनीची स्मिथविक्स हे या प्रकाराचे ओळखीचे उदाहरण. १७१० पासूनचा वारसा सांगणारी तिथली ब्रुअरी २०१३ मध्ये बंद झाली आणि उत्पादन डब्लिनला गेले. 'किलकेनी' या नावाने मिळणारी बिअर नायट्रोजनवर येते. तिचा फेस सायीसारखा दाट असतो, पण त्या सायीखाली वास दबतो. तिला वासाचे गुण देताना फेस थोडा बसू द्यावा. किलियन्स आयरिश रेड हे प्रकरण आणखी वेगळे. नाव एनिसकॉर्थीच्या, १९५६ मध्ये बंद पडलेल्या ब्रुअरीच्या घराण्याचे, पण अमेरिकेत कूर्स ती एलच्या नव्हे, तर थंडीत आंबवणाऱ्या लागर यीस्टवर बनवते. आयरिश रेड म्हणजे काय हे तिच्यावरून ठरवणे म्हणजे पाकिटातल्या मसाल्यावरून कोल्हापूरची पारख करणे.

अमेरिकन: हॉप्स आणि कॅरॅमलची ओढाताण

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड गावी मेंडोसिनो ब्रुइंगने 'रेड टेल एल' आणली. पुढे १९९७ मध्ये बंगळुरूच्या यूबी समूहाने या कंपनीचा ताबा घेतला, हा आपल्याकडचा एक धागा. या घराण्याच्या एलमध्ये क्रिस्टल माल्ट सढळ हाताने असतो, आणि वर कॅस्केडसारखे हॉप्स. त्यांचा वास पपनसाच्या सालीचा, पाइनच्या राळेचा. चांगल्या अमेरिकन रेडमध्ये पहिल्या घोटाला कॅरॅमल पुढे येते, मग हॉप्स त्याला कापतात, आणि शेवटी दोघांपैकी कोणीही एकटे उरत नाही.

ही ओढाताण लवकर बिघडते, कारण हॉप्सचा वास आधी जातो आणि कॅरॅमल मागे राहते. जुन्या बाटलीत मग शिळा मध, मनुका आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास उरतो. ब्रुअरीत ३-३०-३०० असा एक ठोकताळा वापरतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, तिन्हींत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. मे महिन्यात नागपूरच्या दुकानात उघड्या फळीवर आठवडाभर उभी असलेली बाटली तारखेने कोवळी असली तरी चवीने नसते. त्यामुळे तारखेइतकेच, बाटली फ्रिजमधून निघाली की फळीवरून, हेही पाहावे. अमेरिकन रेड घ्यायची तर शक्यतो भरल्यापासून तीन महिन्यांच्या आतली आणि थंड साठवलेली. ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच बनवून विकतात) ताजी मिळत असेल तर बाटलीच्या मागे लागूच नये. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात ही सोय झाली आहे.

लेबलवर 'रेड आयपीए' असेल तर प्रकार निराळा; आयपीए म्हणजे हॉप्स भरपूर असलेली कडू एल. तिथे आयबीयू ४० ते ७० आणि अल्कोहोल ५.५ ते ७.५ टक्के. तिला अमेरिकन रेडच्या मापाने 'फार कडू' म्हणणे अन्याय होईल.

फ्लँडर्स: आंबट, आणि मुद्दाम आंबट

बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसेलारे गावची रोडेनबाख ब्रुअरी १८२१ ची. तिथे बिअर भल्यामोठ्या ओक पिंपांत दोन वर्षांपर्यंत मुरते. यीस्टबरोबर लॅक्टिक जिवाणूही काम करतात आणि लाकडातून थोडा थोडा ऑक्सिजन झिरपतो. मग जुनी आणि कोवळी बिअर मिसळतात. 'क्लासिक'मध्ये कोवळी बरीच जास्त असते, 'ग्रां क्रू'मध्ये दोन तृतीयांश जुनी. त्यामुळे पहिली मवाळ आणि दुसरी धारदार. व्हेरहाखेची 'डचेस द बोर्गोन्य' तिसऱ्या टोकाला. ती गोड-आंबट असते आणि नवख्या माणसाला पटकन आवडते.

हॉप्सचा वास इथे शोधू नये, तो नसतोच. इथे काळी चेरी, आलुबुखार, थोडे व्हॅनिला आणि ओकचा तुरटपणा. आपल्या जिभेला कोकम आणि पिकलेल्या करवंदाची आठवण होते. परीक्षणाचा खरा प्रश्न मात्र आंबटपणाच्या जातीचा. लॅक्टिक आम्ल ताकासारखे असते: जिभेच्या कडांना जाणवते, तोंडाला पाणी सुटते, आणि निघून जाते. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगर, ते नाकात टोचते आणि घशात झोंबते. फ्लँडर्समध्ये थोडे व्हिनेगर चालते, किंबहुना तेच तिला धार देते. पण फळांच्या आधी व्हिनेगर नाकाशी आले, किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला, तर मुरवताना ऑक्सिजन जास्त झाला असे समजावे.

शेजारी शेजारी ठेवून चाखताना

तिन्ही बाटल्या रात्रभर उभ्या, फ्रिजमध्ये. प्यायच्या आधी आयरिश आणि अमेरिकन साधारण २० मिनिटे बाहेर काढाव्यात, ८–१० अंशांसाठी. फ्लँडर्सला आणखी १० मिनिटे, १०–१३ अंशांसाठी. फ्रिजच्या ४ अंशांवर माल्ट मुका होतो आणि दोषही लपतात. आयरिश रेड 'पाणचट' ठरवली जाते ती बहुतेक वेळा यामुळेच.

ट्यूलिप आकाराचे ग्लास, प्रत्येकात ७५–१०० मिलि. भांड्यांच्या साबणाचा थर राहिला असेल तर फेस लगेच मरतो, आणि बुडबुडे काचेला ठिपक्यांसारखे चिकटतात. तो दोष बिअरचा नव्हे. ग्लास कोमट पाण्याने पुन्हा धुऊन निथळू द्यावेत. रंग पाहण्यासाठी ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरका धरावा. माणकासारखी छटा पातळ कडेला दिसते, मधोमध तिन्ही तपकिरीच वाटतील.

वास आधी, घोट नंतर, आणि वासही ओतल्या ओतल्या, कारण हलके गंध पहिल्या मिनिटातच उडतात. क्रम आयरिश, अमेरिकन, फ्लँडर्स असाच ठेवावा. आंबट चाखल्यावर साधी बिअर गोडसर आणि सपाट लागते, म्हणून तिसऱ्यानंतर परत पहिलीकडे येऊन तिचे गुण बदलू नयेत. मध्ये साधा पाव आणि पाणी. शेव, चकली, मसाला शेंगदाणे गुण देऊन झाल्यावर. तिखटाने जीभ बधिर होते, आणि हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी भडकवतो.

घोट तोंडात फिरवावा आणि गिळावा. वाइनसारखे थुंकून बिअर कळत नाही, कारण कडवटपणा आणि शेवट घशापाशी समजतो. त्याच कारणाने घोट मोजके घ्यावेत.

एकच दोष, तीन निकाल

लोण्यासारखा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे डायअसेटिल. यीस्टला काम पुरे करू न देता बिअर लवकर थंड केली की तो राहतो. शंका असेल तर ग्लास तळहातांत धरून कोमट करावा, वरून हात झाकून हलवावा आणि हुंगावा. आयरिशमध्ये अगदी पुसट असेल तर चालवून घेतात. अमेरिकनमध्ये तो हॉप्सवर तेलकट पांघरूण घालतो, तिथे गुण सरळ कापावेत. ब्रूपबमध्ये लोण्याबरोबर आंबूसपणाही असेल तर दोष यीस्टचा नसून नळाच्या न धुतलेल्या पाइपचा असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या नळाची वेगळी बिअर थोडी चाखून पाहावी. तीही तशीच निघाली तर त्या दिवशी बाटली घ्यावी.

आयरिश किंवा अमेरिकन आंबट लागली तर 'फ्लँडर्ससारखी झाली' म्हणून कौतुक करण्याचे कारण नाही, ती बिघडली आहे. उलट फ्लँडर्समध्ये तीव्र हॉप्स किंवा ठसठशीत कडवटपणा हा दोष, कारण आंबट आणि कडू यांचे तोंडात पटत नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास कोवळेपणाचा, उकडलेल्या मक्याचा वास उकळी कमी पडल्याचा. हे दोन तिन्हींत वाईटच.

३८ ते ४४ गुण म्हणजे उत्कृष्ट आणि ३० ते ३७ फार चांगली, असे त्या पत्रिकेचे मोजमाप आहे. घरी चाखणारे उदारपणे सगळ्यांना ४० देतात. आधी वासाचे १२ आणि चवीचे २० कागदावर उतरवावेत आणि एकूण परिणामाचे १० सर्वांत शेवटी. म्हणजे हात आपोआप आखडतो.

मग घ्यायची कोणती?

गप्पांच्या संध्याकाळी दोन-तीन ग्लास प्यायचे असतील तर आयरिश. अल्कोहोल कमी, आणि चव मध्येच लक्ष मागत नाही. भरीत, तंदुरी, सुके चिकन अशा भाजलेल्या-खरपूस पदार्थांशी ती जुळते. आयपीए आवडते पण कडवटपणा थोडा कमी हवा, अशा माणसाने अमेरिकन घ्यावी. बर्गर, चीज, तळलेले मासे चालतील, पण झणझणीत रस्सा बाजूला ठेवावा. बिअर न आवडणाऱ्या पण रेड वाइन किंवा सोलकढी आवडणाऱ्या पाहुण्यासमोर फ्लँडर्स ठेवावी. एक बाटली दोघा-तिघांत पुरते. गोव्याच्या सोरपोतेलमध्ये मुळातच व्हिनेगर आणि चरबी असते, त्याच्याशी तिच्याइतकी दुसरी कोणतीच रेड पटत नाही. तिच्या आम्लामुळे आणि मुरण्यामुळे बाटली साठवणही बरीच सोसते, म्हणून दुकानात तिन्हींच्या तारखा जुन्या असतील तर तिच्यावरच पैसे टाकावेत.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहून घरी बिअर करणाऱ्यांसाठी निवड आणखी सोपी आहे. २० लिटर आयरिशला ३.५ किलो पेल माल्ट, २५० ग्रॅम क्रिस्टल, ८० ग्रॅम भाजलेली बार्ली आणि ५ टक्के आल्फा आम्लाचे (कडवटपणा देणारा घटक) ३५–४० ग्रॅम ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स तासभर उकळीत पुरतात. शेवटचे दोन-तीन दिवस १८–२० अंशांवर ठेवले तर लोण्याचा वासही राहत नाही. अमेरिकनला हॉप्सचा खर्च वाढतो आणि भरताना हवा लागू न देण्याची कसरत करावी लागते. फ्लँडर्सला वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. प्लास्टिकच्या बादलीतून हवा झिरपते आणि हाती व्हिनेगर येते, म्हणून काचेचे भांडे लागते. आणि तिच्यातले ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट चिवट असल्याने तिच्या रबरी नळ्या आणि तोट्या पुढच्या कोणत्याही साध्या बिअरला वापरायच्या नाहीत. त्यांच्यावर लाल चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात ठेवाव्यात.