भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा विमा: ‘भाडं बुडालं तरी मिळतं’ यावर जाऊ नका

कोथरूडचा आमचा वन बीएचके भाड्याने दिलेला आहे, त्याच्यासाठी तीन वर्षं भारत गृह रक्षा पॉलिसी घेतेय. एप्रिल २०२१ पासून घराचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडे हीच स्टँडर्ड पॉलिसी आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

चांगलं आधी सांगते. आग, भूकंप, पूर, दंगल सगळं कव्हर आहे, पाइप फुटला तरी आहे, आणि घराच्या रकमेच्या २० टक्के (जास्तीत जास्त १० लाख) सामानाला आपोआप मिळतात.

पण घेताना एजंट म्हणाले होते, ‘ताई, भाडं बुडालं तरी मिळतं.’ आपण ऐकतो ते वेगळंच! गेल्या वर्षी भाडेकरूने तीन महिने भाडं थकवलं आणि जाताना गीझर पण काढून नेला, मी क्लेम करायला गेले तर कळलं की आग-पुरासारख्या कारणाने घर राहण्यालायक उरलं नाही तरच ते भाडं मिळतं, भाडेकरूने बुडवलेलं नाही. गीझरचंही तेच. साधी चोरी यात नाहीच, आग-पूर वगैरे झाल्यावर ७ दिवसांत झाली तरच धरतात, आणि बर्गलरी (घरफोडीचं कव्हर) वेगळी घेतली तरी त्यात कुलूप-दार फोडल्याची खूण लागते. किल्ली तर मीच दिलेली होती.

त्यातच बाथरूमची गळती निघाली. क्लेम केल्यावर नुकसान तपासणारे सर्व्हेयर आले, भिंतीवर बोट फिरवलं, पांढरा खार बोटाला लागला आणि प्लास्टर भुगा होऊन खाली पडलं. म्हणाले, ‘मॅडम, हे पाइप फुटणं नाही, कित्येक महिन्यांचं झिरपणं आहे.’ क्लेम नामंजूर. खालच्या काकूंच्या देवघरावरचं छत फुगलं होतं, त्याचे पैसे पण आम्हीच भरले कारण दुसऱ्याच्या घराच्या नुकसानीला मूळ पॉलिसीत कव्हर नाही, लायबिलिटी वेगळी घ्यावी लागते. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

विमा बंद नाही केला, आगीसाठी हवाच. पण आता लायबिलिटी जोडलीय, फ्लॅट भाड्याने दिलाय हे कंपनीला मेल करून कळवलंय (ही अट पॉलिसीतच आहे, मला कोणी सांगितली नव्हती), डिपॉझिट दोनाचं चार महिन्यांचं केलंय आणि लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटला गीझर, पंखे, नळ यांची यादी फोटोसकट जोडलीय. नवीन भाडेकरूंनी त्यावर प्रत्येक पानावर सही केली.