इतवारीतला कुकरवाला : मासेरूहून अभिप्राय

नागपूरच्या इतवारीतल्या या कुकर दुरुस्तीच्या दुकानाला पाटी नाही, म्हणून आधी पत्ताच सांगते. मेट्रोनं चितार ओळी चौकात उतरा, भांड्यांच्या दुकानांकडे चालत जा आणि जिथे स्टीलच्या डब्यांच्या चळती पार रस्त्यावर आलेल्या दिसतील, तिथल्या बोळीत शिरा. छताला कुकरची झाकणं टांगलेली दिसली की पोचलात. गाडी नेऊ नका. मी नेली होती, ती परत काढायला अर्धा तास लागला आणि एका हातगाडीवाल्याची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

हे मी लिहितेय लेसोथोतल्या मासेरूहून. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला हा छोटा डोंगराळ देश. आमचे हे पाळक आहेत, मी नर्स. २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं आम्ही इथे मिशनच्या कामासाठी काढली आणि यंदा परत आलो. पहिल्या खेपेला नव्या नवरीसारखी खरेदी केली होती. बॅगा नव्या, चादरी नव्या, कुकरही दुकानातून खोका फोडून आणलेला. त्यातलं निम्मं सामान इथे नुसतं पडून राहिलं आणि ज्याची रोज गरज होती तो कुकर आठव्या महिन्यात बसला.

कुकर बसला म्हणजे काय, हे नागपुरात राहून कळत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, मासेरू सोळाशेवर. इथे पाणी पंचाण्णव अंशांच्या आतच उकळायला लागतं. पाणी खदखदतंय आणि तुरीची डाळ मात्र दाणा न् दाणा वेगळी, असं होतं. छोले तर विचारूच नका. त्या जुलैत रबराची रिंग तडकली, त्या मापाची रिंग मासेरूत मिळेना आणि मी दोन महिने उघड्या गंजात वरण शिजवत बसले. संध्याकाळी चारला चढवलेलं आठला खाली उतरे, आणि तरी हे म्हणत, "आज वरणात डाळ जरा मोठी वाटतेय." शेवटी जोहान्सबर्गला जाणाऱ्या एकानं तिथल्या फोर्ड्सबर्ग भागातून, म्हणजे आपल्या लोकांच्या बाजारातून, रिंग आणून दिली. तिची किंमत रुपयांत मोजली तर इतवारीत डझनभर आल्या असत्या.

म्हणून या वेळी परतायचं ठरल्यावर पहिली फेरी इतवारीत झाली. तोच पाच लिटरचा जुना अॅल्युमिनियमचा कुकर पिशवीत. मनात होतं की हा देऊन नवा घ्यावा. दुकानदार काकांनी झाकण हातात घेतलं, रिंग काढली, दोन बोटांत धरून वाकवली. ती वाकलीच नाही.

"हे रबर नाही जी ताई, लाकूड झालं."

"मग नवा कुकरच देता का?"

"काऊन? याची जाडी पाहा अन् आताच्याची पाहा. रिंग बदलली का हा आणखी दहा वर्षं चालते."

धंदा करणारा माणूस विक्री नाकारतो तेव्हा मला आधी संशय येतो. पण त्यांनी स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "कुठं नेता?" मी आफ्रिका म्हटलं. "तिथं शेगडी कोणती?" गॅस म्हटलं. "डोंगर हाय का?" इथे मी चाट पडले. डोंगरच डोंगर आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, चिखलदऱ्याच्या गिऱ्हाइकांचीही हीच तक्रार असते, दोन शिट्या जास्त लागतात. तीन वर्षं तिथे राहून हे गणित मला कोणी इतक्या सहज सांगितलं नव्हतं. शिटीचं वजन तेवढंच; पण बाहेरची हवा विरळ म्हणून आतलं तापमानही थोडं कमीच राहतं. नागपुरात तीन शिट्यांत होणारी डाळ इथे पाच घेते. आता वहीत तसं लिहूनच ठेवलंय.

मग खरं काम सुरू झालं. झाकणाच्या काठाला एक पोचा होता, मला कधी दिसलाही नव्हता. काकांनी झाकण पालथं घातलं, काठावर बोट फिरवत तिथे येऊन थांबले आणि लाकडी हातोडीनं टुकटुक करत पाचेक मिनिटं तेवढीच जागा सरळ करत बसले. रिंग नवी, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा, दांड्याचा स्क्रू नवा. शिटीच्या नळीत तार घालून ओढली तर आतून काळा, कडक झालेला डाळीचा मळ निघाला. मी नर्स असून मला लाज वाटली. नंतर वाटीभर पाणी घालून कुकर तिथेच शेगडीवर चढवला. पहिल्या वेळेस दांड्याच्या बाजूनं वाफ फुसफुसली. ते काही बोलले नाहीत, झाकण काढून परत हातोडी घेतली. दुसऱ्या वेळेस शिटी अशी वाजली की शेजारच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "झाला बाप्पा!"

सगळे मिळून साडेसातशे रुपये, त्यात चार जादा रिंगा आणि दोन व्हॉल्व्ह. मी दोनच रिंगा मागितल्या होत्या. "तीन वर्षं म्हणता ना, मंग चार न्या. अन् घडी घालू नका, टाल्कम पावडर लावून गोल ठेवा." स्वस्तातल्या रिंगा समोरच लटकत होत्या, त्या मला त्यांनी दिल्या नाहीत. त्या कोणाला देतात, हे मी विचारायला हवं होतं.

याच बोळीच्या तोंडाशी विजेच्या सामानाचं दुकान आहे, तिथलं एक काम सांगून टाकते, कारण इकडे येणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. मिक्सरचा छोटा प्लग कापून तिथे सोळा अँपिअरचा, म्हणजे आपण गिझरला लावतो तो जाड गोल पिनांचा प्लग बसवून घेतला. लेसोथोत आणि दक्षिण आफ्रिकेत घरोघरी त्याच मापाचे सॉकेट असतात, व्होल्टेजही आपल्यासारखंच. विमानतळावरचा महागडा अॅडॉप्टर घेऊ नका.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. एका विमानतळावर कुकर असलेली बॅग उघडायला लावली आणि साहेबांनी शिटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, एवढंच. पंचेचाळीस अंशांतून निघालो आणि मासेरूत उतरलो ते रात्री शून्याच्या आसपास जाणाऱ्या थंडीत. पहिला आठवडा नळात सकाळी पाणी गोठलेलं, परवान्याच्या कागदांसाठी रांगा, घराचं पत्र्याचं छप्पर रात्री आकसून कडकड वाजतंय. जुन्या शेजारीण मे मात्र दाराशी येऊन उभ्या, अंगावर तीच लोकरी बसोथो, म्हणजे इथल्या लोकांची, चादर. 'मे' म्हणजे आई. इथे मोठ्या बाईला असंच म्हणतात. मी "दुमेला, मे" म्हटलं, म्हणजे नमस्कार. लिहिताना लुमेला लिहितात, उच्चार दुमेला. पहिल्या खेपेला हे समजायला मला महिना लागला होता.

एका रविवारी मासेरूजवळच्या मोरिजा गावाला गेलो. १८३३ साली राजा मोश्वेश्वेनं बोलावलेले तीन फ्रेंच मिशनरी इथे येऊन राहिले, आणि १८६३ पासून इथलं सेसोथो, म्हणजे इथल्या भाषेतलं, वर्तमानपत्र निघायला लागलं. त्याच १८६३ साली आपले हिस्लॉपसाहेब, म्हणजे ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे ते मिशनरी, नागपूरजवळ नदीत बुडाले. हे तिथे तारखांची पुस्तकी जुळवाजुळव करत होते आणि मी विचार करत होते की या तिघांनी चवळी शिजवली कशी असेल.

चवळीचं एवढ्यासाठी की इथे दिखोबे करतात. मका, ज्वारी, चवळी किंवा घेवडा मिठाच्या पाण्यात शिजवायचा, बस. मे पहाटे चूल पेटवतात आणि दुपारी जेवण होतं. जळण विकत आणि महाग. ऑगस्टमध्ये मी त्यांचा भिजवलेला मका आणि चवळी माझ्या कुकरला लावली. चाळीस मिनिटं मंद आचेवर. झाकण उघडल्यावर मेंनी एक दाणा बोटांत चिरडला, मग दुसरा, मग काही न बोलता स्वतःच वाटी घेतली. तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी कुकर त्यांच्या घरी असतो. मी त्या दिवशी पोळ्या आणि बटाटे करते.

आता दुकानाच्या तक्रारी. दीड ते चार बंद, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. मी उन्हात पायरीवर बसले. बिल मिळत नाही, मागितलं तर पंचांगाच्या मागच्या कोऱ्या कागदावर आकडे लिहून देतात. फोन सहाव्या वेळी उचलतात. बसायला एकच स्टूल, पंखा फक्त त्यांच्याकडे तोंड करून. अर्धा तारा त्या पंख्यासाठी कापते. पाचपैकी साडेचार.

मागच्या आठवड्यात फोन लागला. मेंसाठी एक आणि त्यांच्या बहिणीसाठी एक, असे दोन जुने पण जाड कुकर तयार करून ठेवायला सांगितले. कुरिअरनं पाठवा म्हटलं तर काका म्हणाले, "नाही जी. पोचा पडला तर तिथं कोण काढते? येणारा माणूस पाहा, त्याच्या हातात देतो." डिसेंबरात आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक कुटुंब येणार आहे. त्यांच्या बॅगेत जागा आहे का, ते अजून कळलेलं नाही.