हाय डेझर्टमधला मार्च-एप्रिल आणि नॅशनल वेदर सर्व्हिसची साइट: माझा रिव्ह्यू

कॅलिफोर्नियाच्या हाय डेझर्टमध्ये (उंचावरच्या वाळवंटात), अँटिलोप व्हॅलीत, म्हणजे लँकेस्टर-पामडेलकडे राहणाऱ्या किंवा पॉपीची फुलं बघायला एलएवरून (लॉस एंजेलिसहून) येणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय. वसंतात इथे कोल्ड फ्रंट, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची आघाडी, येतो तेव्हा फोनमधल्या अ‍ॅपवर अर्धा ढग, अर्धा सूर्य आणि पाऊस १० टक्के एवढंच दिसतं. लोक निवांत निघतात आणि हायवे १४ वर गाडीतून उतरताना दरवाजा हातातून सुटतो असा वारा. नॅशनल वेदर सर्व्हिसची (अमेरिकेच्या हवामान खात्याची) साइट सरकारी आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, आणि इथल्या हवेसाठी याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला मिळालेलं नाही.

मुळात आपल्याकडे फ्रंट म्हणजे पाऊस कमी आणि वारा जास्त. समुद्रावरून आलेला ओलावा सॅन गॅब्रिएल आणि तेहाचापी डोंगरांच्या पलीकडच्या उतारावरच बराचसा रिकामा होतो. आपल्या बाजूला हवा उतरते ती कोरडी होऊन, म्हणून तर लँकेस्टरला वर्षाकाठी जेमतेम ७ इंचाच्या आसपास पाऊस. कधीकधी ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबताना स्पष्ट दिसतात पण जमिनीवर थेंब नाही, खालची हवा इतकी कोरडी की पाणी वाटेतच उडून जातं. वाऱ्याला मात्र कोण अडवणार, तो डोंगराच्या खिंडींतून जोर धरूनच येतो, फ्रंटच्या आधी नैऋत्येकडून आणि नंतर वायव्येकडून, आणि ताशी ४०-५० मैलांचे गस्ट (अचानक येणारे जोराचे झोत) म्हणजे या दिवसांत काही नवल नाही.

साइटवर झिप कोड टाकला की सात दिवसांचा अंदाज येतो, पण तिथे थांबू नका. बाजूच्या नकाशावर तुम्हाला नेमकं जायचंय तिथे क्लिक करा, अंदाज त्या चौकोनाचा होतो, आणि हा चौकोन अडीच किलोमीटरचा असतो. आपल्या भागात याला फार किंमत आहे कारण लँकेस्टर साधारण २,३०० फुटांवर आणि पश्चिमेला सँडबर्ग ४,५०० च्या आसपास, त्यामुळे खाली नुसता गार वारा आणि वर बर्फ हे एकाच दुपारी होऊ शकतं. मग अवरली ग्राफ उघडा. त्यात वाऱ्याची रेघ वेगळी आणि गस्टची वेगळी असते, गस्टची रेघ सकाळी सपाट आणि अकरानंतर सरळ वर चढलेली दिसली की समजायचं, जे बघायचं ते सकाळीच. फक्त एक अडचण, पॉपी पहाटे उघडत नाही, ऊन जरा वर यावं लागतं, आणि गारठा किंवा वारा असला की पाकळ्या गुंडाळून घट्ट मिटून बसते. तेव्हा लांबून येणाऱ्यांनी हा ग्राफ बघितल्याशिवाय निघूच नये, लहान मुलांना घेऊन तर नाहीच.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे फोरकास्ट डिस्कशन. वेदर सर्व्हिसच्या स्थानिक ऑफिसातला माणूस दिवसातून निदान दोनदा, पहाटे आणि दुपारी, अंदाज असा का दिलाय ते लिहून टाकतो, हवामानाची कॉम्प्युटर मॉडेलं आपसात जुळत नसली तर तेही उघड सांगतो. २०१६ पर्यंत हे सगळं कॅपिटल अक्षरांत यायचं, आता वाचायला खूप सोपं झालंय. त्यात 'इनसाइड स्लायडर' हा शब्द दिसला की नीट वाचा. म्हणजे लो प्रेशर (कमी दाबाचं क्षेत्र) समुद्रावरून न येता नेवाडाच्या बाजूने जमिनीवरूनच खाली घसरतंय, ओलावा फारसा नाही, उत्तरेचा वारा मात्र भरपूर. तोच लो जरा पश्चिमेला सरकून समुद्रावरून आला तर पाऊस, म्हणून अशा वेळी टक्केवारी रोज बदलते. आणि २० टक्के म्हणजे दिवसाचा पाचवा भाग पाऊस असं अजिबात नाही हो, तुमच्या ठिकाणी ०.०१ इंच किंवा जास्त पडण्याची शक्यता तेवढी, बस.

हाय डेझर्ट वेदर सर्व्हिसच्या चार ऑफिसांत विभागलाय हे फारच थोड्यांना माहीत असतं. लँकेस्टर-पामडेल लॉस एंजेलिसच्या ऑफिसकडे (जे बसलंय ऑक्सनार्डला), व्हिक्टरव्हिल सॅन डिएगोकडे, बारस्टो लास व्हेगासकडे, आणि हायवे १४ ने वर मोहावी गावाकडे निघालात की कर्न काउंटी लागल्याबरोबर हॅनफर्डचं ऑफिस. त्यामुळे लांब ड्राइव्ह असेल तर दोन-दोन डिस्कशन वाचा.

साइटचा चेहरामोहरा जुनाट आहे, ऑफिशियल अ‍ॅप नाही, आणि विमानांच्या भागात वेळा झुलू टाइममध्ये (म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत) असतात, उन्हाळी वेळेत त्यातून ७ तास वजा करावे लागतात. मला याचं काही वाटत नाही, पण आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना तुम्हीच वाचून दाखवा. रस्ता बंद आहे का हे इथे शोधू नका, त्याला कॅलट्रान्सचा (कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचा) क्विकमॅप.

धुळीची वॉर्निंग फोनवर आपोआप वाजते. नांगरलेल्या शेतावरून आणि कोरड्या तळ्यावरून धूळ उठली की समोरच्या गाडीचे लाल दिवे आधी फिकट तपकिरी होतात आणि मग दिसतच नाहीत. अशा वेळी रस्ता सोडून जमेल तितकं बाजूला थांबा, सगळे लाइट बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर मागचा तुमचे दिवे बघून तुमच्या मागेच येतो.

वारा पडल्यावरची रात्र लोक विसरतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी, जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते आणि लिओना व्हॅलीत चेरीच्या मोहोराची काळजी तेव्हाच सुरू होते. साइटवरचं तापमान जमिनीपासून साधारण माणसाच्या उंचीवरचं असतं, खाली त्याहून गार, म्हणून किमान ३६ फॅरनहाइट लिहिलेलं असलं तरी टोमॅटोची रोपं झाकून ठेवा, ३२ ची वाट बघू नका.