उदयगिरी-खंडगिरी, भुवनेश्वर: पाऊण तासात उरकू नका

पुरी-कोणार्कच्या सहलीत या लेण्यांच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो आणि मंडळी 'वेरूळची सर नाही' म्हणत बसमध्ये बसतात. मुळात वेरूळ डोक्यात ठेवून इथे येऊच नये. इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास, कलिंगराज खारवेलाच्या काळात जैन मुनींना राहण्यासाठी खोदलेल्या या खोल्या आहेत. दारं इतकी बुटकी की काही ठिकाणी रांगावंच लागतं. आतही ताठ उभं राहता येत नाही. जमीन मागच्या भिंतीकडे चढत जाते, तीच मुनींची उशी. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की हा चढ लगेच कळतो.

आधी उदयगिरी करा. तिकीट नाममात्र, 15 वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. 18 लेण्यांपैकी राणी गुंफेला निवांत वेळ द्या. अंगणाच्या तीन बाजूंना दुमजली खोल्या आहेत. वरचा मजला खालच्याच्या बरोबर डोक्यावर नाही, मागे सरकवलेला आहे. दारांच्या कमानींमधला शिल्पपट्टा वरच्या मजल्यावर जास्त रंगतदार आहे. वालुकाश्म भरड असल्यामुळे चेहरे झिजलेत, त्यामुळे भर दुपारच्या उन्हात काही उमगत नाही, सकाळीच जा. व्हरांड्यातले बरेच खांब मात्र नंतर बसवलेले आहेत, त्यांच्यावर फोटो खर्च करू नका.

हाथी गुंफेपाशी लोक हत्ती शोधतात. बघायचा तो छताच्या कपाळावरचा 17 ओळींचा ब्राह्मी लेख. सुरुवात अरहंत आणि सिद्धांच्या नमनाने होते. णमोकार हा जैन मंत्र म्हणणाऱ्यांना ओळखीचंच वाटेल. पुढे खारवेलाने सातवाहन राजा सातकर्णीला न जुमानता पश्चिमेकडे सैन्य धाडल्याचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या नाणेघाटातले सातवाहन इथेही भेटतात! लेख उंचावर आणि झिजलेला आहे, खालून अक्षरं लागत नाहीत. वाचन आधीच मोबाइलमध्ये उतरवून न्या. वाघाच्या जबड्यासारखी बाघ गुंफा जवळच आहे, तिथे फोटोसाठी गर्दी असतेच.

रस्त्यापलीकडच्या खंडगिरीवर अनंत गुंफा आणि बाराभुजी पुरे. बाराभुजीतले तीर्थंकर बऱ्याच नंतरच्या काळातले. माथ्यावर जैन मंदिर आहे, चढ छोटा पण दमवणारा. माकडं हातातली पिशवी सरळ ओढतात. खाणं गाडीतच ठेवा. पावसात दगड निसरडा होतो, चांगल्या पकडीचे बूट घाला. दोन्ही टेकड्यांना मिळून तीन तास धरा. वेळ कमी पडलाच, तर खंडगिरी सोडा.