बार्जवरची खोली आणि साडेसात लाख

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पत्र्यावर नुसतं नख वाजवून जाडी सांगतो, असा माझा तोरा. तो तोरा गोव्यात एका जुन्या बार्जवर, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटीवर उतरला, म्हणून हे लिहितोय. अशीच योजना घेऊन कुणी तुमच्याही दारात येईल.

२०२३ च्या जानेवारीत मेव्हण्याच्या ओळखीचा एक पोरगा आला. शाहूपुरीत वरच्या मजल्यावर ऑफिस, काचेचं टेबल, भिंतीवर तरंगत्या हॉटेलाचं मोठं चित्र. योजना अशी की खनिजाची जुनी बार्ज घ्यायची, वर चोवीस खोल्या बांधायच्या आणि ती मांडवी नदीत नांगरून ठेवायची. एका खोलीचा हिस्सा ५ लाख, त्यावर महिन्याला अडीच टक्के. अर्धी खोलीही मिळत होती.

त्याचं बोलणं निम्मं खरं होतं, तिथंच मी घसरलो. गोव्यात २०१२ ला खाणी बंद पडल्या, नंतर सुरू झाल्या आणि २०१८ ला पुन्हा थांबल्या. लोहखनिज मुरगाव बंदरात नेणाऱ्या कितीतरी बार्जी नदीत गंजत पडल्या, काही भंगारात गेल्या. मालवाहू बोटींची हॉटेलं होतात हेही खरंच. केरळातले केट्टुवल्लम मूळचे भात वाहणारे पडाव, फळ्या काथ्यानं शिवलेले. पोरगा हे सगळं पाठ म्हणून दाखवायचा आणि शेवटी म्हणायचा, "मालक, लोखंड तुम्हाला आम्ही काय शिकवायचं?"

हेच वाक्य मला महागात पडलं.

आम्हा अकरा जणांना गाडी करून बार्ज बघायला नेलं. बार्ज खरीच होती, पांढऱ्या रंगात नुकतीच न्हालेली. सगळे वर डेकवर खोल्यांच्या खडूच्या रेघा बघत होते. मी सवयीनं बाजूच्या प्लेटवर हात फिरवला. बोटीचं नाव नुसतं रंगवत नाहीत, बऱ्याचदा अक्षरांवर वेल्डिंगची रेघ मारतात, म्हणजे रंग उडाला तरी नाव राहतं. माझ्या बोटांना रंगाखाली अक्षरं लागली, आणि कागदावरचं नाव वेगळं होतं. मी विचारलं. "जुनं नाव हो, बदलायला टाकलंय." मी फोटो काढला आणि जेवायला बसलो. सुरमई बाकी चांगली होती.

परत आल्यावर ५ लाख माझे आणि अडीच लाख अक्काचे भरले. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिच्या यजमानांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे. करार पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारलेला. त्या शिक्क्यावर मी भुललो. सही माझ्यासमोर झाली एवढंच नोटरी सांगतो. बोट कुणाची, हे तो बघत नाही.

चार महिने १८,७५० रुपये न चुकता आले. ते आपलेच पैसे आपल्याला परत मिळत होते, हे आता कळतं. त्या चार महिन्यांत मी स्वतः आणखी दोघांना ऑफिस दाखवलं. त्यांनी पैसे भरले नाहीत, नशीब माझं.

जुलैत हप्ता थांबला. "पावसात नदी बंद असते." आम्हा कोल्हापूरकरांना हे लगेच पटतं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. पण नांगरून ठेवलेल्या हॉटेलाला पावसाचं काय? पणजीसमोरचे कॅसिनो भर पावसात चालू असतात. हा प्रश्न मला सुचला सप्टेंबरात.

तेव्हा एकटाच एसटीनं गेलो. शेजारच्या बार्जवरचा राखणदार म्हणाला, "हिचो धनी वेगळो आसा." पणजीला बंदर कप्तानाच्या खात्यात फोटोतल्या नावावरून चौकशी केली. मालक तिसराच निघाला, वर बँकेचं कर्ज. योजनेवाल्यांनी राखणदाराला पैसे देऊन एक दिवस डेक वापरला होता. रंग मालकाने विक्रीसाठी दिला होता. ही चौकशी पैसे भरायच्या आधी केली असती तर एसटीच्या तिकिटात भागलं असतं. बुडाच्या पत्र्याची जाडी मोजलेला सर्व्हे मागायचंही मला सुचलं नाही, आणि लोखंड म्हणे मला शिकवायचं नव्हतं! माहितीपत्रकातलं हॉटेल भाच्यानं मोबाईलवर शोधून काढलं, ते फ्रान्समधल्या कालव्यावरचं होतं. काठाला एकही माड नव्हता, हे मला दिसायला हवं होतं.

लोकांकडून पैसे गोळा करून धंदा चालवायचा आणि नफा वाटायचा, तर सेबीची, म्हणजे गुंतवणूक बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागू शकते. ती आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर बघता येतं. मी बघितलं नाही. आता आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार आहे, ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा लावावा असा अर्ज दिलाय. करार, बँकेचे उतारे आणि तो फोटो जोडलाय. तुमचं असं काही झालं असेल तर एकेकटे जाऊ नका. आम्ही सात जण मिळून गेलो तेव्हा खुर्ची मिळाली. उरलेले चौघे लाजेनं आलेच नाहीत.

अक्काला मी महिन्याला ५,००० देतो. ती घेते, मोजत नाही.

तो पोरगा परवा गंगावेशीत दूध कट्ट्यावर दिसला. पळाला नाही. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मालक, माझ्या आईचेबी दोन लाख त्यातच हाईत." खरं की खोटं, मला ठरवता आलं नाही. सोमवारी जबाबाला ये म्हटलं. येतो म्हणालाय.