लॅबव्ह्यू आणि मॅटलॅब: जोड मापन चालू असताना हवी की नंतर?

सेन्सरचा डेटा लॅबव्ह्यूत (चित्रांच्या आकृत्या जोडून प्रोग्राम करायच्या मापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) येतो आणि विश्लेषणाचा कोड मॅटलॅबमध्ये (आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये) तयार आहे. दोन्ही जोडायचे मार्ग बरेच आहेत. निवड करण्याआधी एक ठरवा: मॅटलॅबचे उत्तर मापन चालू असतानाच लागणार आहे का? लागणार नसेल तर थेट जोडणीच्या वाटेला जाऊच नका.

अशा वेळी फाइलचा मार्ग सर्वांत भरवशाचा. लॅबव्ह्यूने टीडीएमएस फाइल (मापनाच्या डेटासाठीचा फाइलप्रकार) लिहायची आणि मॅटलॅबने नंतर वाचायची. मॅटलॅबच्या डेटा ॲक्विझिशन टूलबॉक्समध्ये (मापनाची कार्डे वापरण्यासाठीच्या जोडसंचात) 2022 पासून त्यासाठी फंक्शन आहे. चार चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला 50,000 नमुने, नमुन्यामागे 8 बाइट, म्हणजे सेकंदाला 1.6 मेगाबाइट. साधी डिस्कही हे सहज पेलते. शिवाय मूळ डेटा शाबूत राहतो. फिल्टर चुकला तर प्रयोग पुन्हा करावा लागत नाही, आणि मला हा फायदा सगळ्यांत मोठा वाटतो.

उत्तर तिथल्या तिथे हवे असेल तर लॅबव्ह्यूतला मॅटलॅब स्क्रिप्ट नोड बघा. ब्लॉक डायग्रामवर (लॅबव्ह्यूच्या प्रोग्रामच्या आकृतीवर) चौकट टाका, कोड चिकटवा, कडेला इनपुट-आउटपुट जोडा. अर्ध्या तासात काहीतरी चालू होते. पण आत ॲक्टिव्हएक्स (विंडोजमधले दोन प्रोग्राम जोडणारे तंत्र) असल्याने हा नोड फक्त विंडोजवर चालतो, त्याच संगणकावर परवान्यासह मॅटलॅब लागते आणि प्रत्येक फेरीला डेटाची ने-आण होते. वेगवान लूपमध्ये तो ठेवू नका. नमुने रांगेत साठवा आणि गठ्ठ्याने वेगळ्या लूपला द्या, म्हणजे बफर (नमुन्यांची तात्पुरती साठवण) भरून नमुने हुकणार नाहीत.

लॅबव्ह्यूच्याच मॅथस्क्रिप्ट नोडला मॅटलॅब लागत नाही. लेखनपद्धती बरीचशी मॅटलॅबचीच, पण मॅटलॅबची सगळी फंक्शन्स आणि टूलबॉक्स त्यात नाहीत. छोट्या सूत्रांसाठी ठीक.

दोन संगणक असतील तर टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून डेटा पाठवायची पद्धत. मोकळीक भरपूर, पण बाइटचा क्रम तुम्हालाच सांभाळावा लागतो. लॅबव्ह्यू मूळ सेटिंगमध्ये आकड्याचा जास्त किमतीचा बाइट आधी पाठवते, मॅटलॅबचा टीसीपी क्लायंट कमी किमतीचा बाइट आधी धरतो. तेव्हा 1.0 पाठवलेत आणि पलीकडे जवळजवळ शून्य आकडा दिसला, तर सेन्सरला दोष देऊ नका. द्विमितीय ॲरेही लॅबव्ह्यू ओळीने पाठवते आणि मॅटलॅब स्तंभाने भरते. पलीकडे ओळी आणि स्तंभांची संख्या उलटी धरून मग ट्रान्सपोज (ओळी-स्तंभांची अदलाबदल) करावे लागते. आधी 1, 2, 3 असे ओळखीचे आकडे पाठवून बघा, मगच खरा सिग्नल जोडा.

आणखी एक पर्याय विसरला जातो. तुमचे मापनाचे कार्ड डेटा ॲक्विझिशन टूलबॉक्सला चालत असेल आणि स्क्रीनवरचे नियंत्रण साधे असेल, तर सगळे काम मॅटलॅबमध्येच करा. लॅबव्ह्यू बनवणाऱ्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सची बरीच कार्डे तिथे चालतात, आणि मग जोडणीचा प्रश्नच उरत नाही.